तालुक्यांचे रंग कुठे तोडायचे? गोव्याच्या नकाशावरून वाद

बोरीकाठ
क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या घालून गोव्याचा क्षेत्रघनी नकाशा (आकड्यांच्या गटानुसार तालुके रंगवलेला) करा, चार गट मागा आणि फक्त गट पाडायची पद्धत बदलून बघा. आकडे तेच, पण दर वेळी वेगळा गोवा दिसतो. 'समान अंतर' (प्रत्येक गटाची रुंदी सारखी) घेतलं की फोंडा (१,६५,८३०) आणि तिसवाडी (१,७७,२१९) वेगळ्या रंगांत जातात. फरक किती? जेमतेम अकरा हजार. 'समान संख्या' (प्रत्येक गटात जवळपास सारखेच तालुके) घेतली तर तिसवाडी थेट सासष्टीच्या (२,९४,४६४) पंगतीला बसते आणि फोंडा खालीच राहतो.

जेंक्सची नैसर्गिक खंडांची पद्धत लावा, म्हणजे जवळचे आकडे एका गटात येतात आणि रेघ दरीत पडते. मुरगाव, फोंडा, तिसवाडी एकत्र. बार्देश आणि सासष्टी स्वतंत्र. उरलेले सहा एका गटात. डिचोली (९७,९५५) आणि मुरगाव (१,५४,५६१) यांच्यात खरोखर मोठी दरी आहे आणि रेघ तिथेच पडते. आकडे स्वतःच आपली हद्द सांगत असताना आपण ती का लादावी? माझं ठाम मत आहे, तालुक्यांसाठी जेंक्सच वापरा.

डिचोलीकार
साफ अमान्य. तुमच्या त्या 'उरलेल्या सहां'त काणकोण (४५,१७२) आणि आमची डिचोली एकाच रंगात आहेत. दुपटीहून जास्त फरक! बार्देश-सासष्टीला एकेक रंग देण्यात दोन गट खर्ची पडले, म्हणून अर्धा गोवा सपाट झाला.

७५ हजार, दीड लाख, सव्वादोन लाख अशा गोल आकड्यांवर तोडा. काणकोण, सत्तरी, सांगे खाली; पेडणे, केपे, डिचोली त्यांच्या वर; मुरगाव, फोंडा, तिसवाडी एकत्रच राहतात; बार्देश, सासष्टी सगळ्यांत वर. मोबाइलवर नकाशाची सूची (कुठला रंग म्हणजे किती) वाचणाऱ्याला हे एका नजरेत कळतं.

बोरीकाठ
पेडण्याची लोकसंख्या ७५,७४७ आहे. साडेसातशे माणसं कमी असती तर तालुक्याचा रंग बदलला असता. याला हद्द म्हणायचं? आणि बार्देश-सासष्टीतला ५७ हजारांचा फरक तुम्ही पुसलात, तो कुठे गेला?

मुरगावची भूगोलवाली
दोघेही थांबा. नुसती लोकसंख्या रंगवायचीच कशाला? मुरगाव क्षेत्रफळाने सगळ्यांत लहान तालुका, लोकसंख्येत पाचवा, पण घनतेत पहिला. तुमच्या दोन्ही नकाशांत ही दाटी कुठेच दिसत नाही. घनता रंगवा, आणि मोजणीच दाखवायची असेल तर प्रमाणबद्ध वर्तुळं (आकड्यानुसार लहान-मोठी) काढा. वर्गात मी हे आधी शिकवते, गटांच्या पद्धती नंतर.

साळावलीपार
बाई, तुमचं पटतं, पण गटच कशाला हवेत? वाल्डो टोबलर यांनी १९७३ मध्येच गटांशिवाय नकाशा सुचवला होता. प्रत्येक आकड्याला त्याची स्वतःची छटा द्या.

मुरगावची भूगोलवाली
अकरा छटांमधली सातवी कुठली आणि आठवी कुठली, हे सूचीशी ताडून सांगून दाखवा. डोळ्याला ते जमत नाही. घनता रंगवतानाही गट लागतातच, आणि तिथे मी डिचोलीकारांच्या बाजूने आहे.

डिचोलीकार
देव बरें करूं! पावसाचंच बघा. हवामान खातं २४ तासांच्या पावसाला ६४.५ मिमीपासून जोरदार म्हणतं, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार. वाळपईच्या आकड्यांवर रोज नवा जेंक्स चालवला, तर कालचा गडद रंग आज फिका होईल आणि इशाऱ्याला अर्थच उरणार नाही.

बोरीकाठ
पावसाच्या त्या हद्दींना कामाचा अर्थ आहे, म्हणून तिथे त्या पक्क्या ठेवायलाच हव्यात. दीड लाख लोकसंख्येला असा कुठला अर्थ आहे?

डिचोलीकार
तुलनेचा अर्थ आहे. नवी जनगणना आली की जेंक्सच्या रेघा हलणार. मग २०११ चा नकाशा शेजारी ठेवून काय बघायचं?

बोरीकाठ
दोन्ही वर्षांचे आकडे एकत्र घालून एकदाच जेंक्स चालवायचा आणि त्याच हद्दी दोन्ही नकाशांना लावायच्या. रेघ हलत नाही.

मुरगावची भूगोलवाली
त्याआधी एक काम आहे. २०११ ला तालुके अकरा होते, आता धारबांदोडा धरून बारा. मोले, कुळे तेव्हा सांगे तालुक्यात मोजले गेले. गावनिहाय आकड्यांवरून २०११ चा धारबांदोडा आधी वेगळा काढा, मग हद्दींवर भांडा.