जॅझ वाजवताना काय घालावे?

प्रश्न – नौपाड्याचा सॅक्सवाला

आम्ही ठाण्यातील पाच हौशी वादक असून येत्या मे महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर दीड तासाचा जॅझचा कार्यक्रम करीत आहोत. सर्वांनी काळा सूट, काळा चष्मा आणि हॅट घालावी असा आमच्या ड्रमवादक मित्राचा आग्रह आहे, कारण त्याच्या मते 'जॅझवाले तसेच दिसतात'. मला मात्र ते स्नेहसंमेलनातल्या सोंगासारखे वाटते. या संगीतकारांचा पोशाख खरोखर असा ठरलेला होता का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – घोडबंदरकर

ठरलेला मुळीच नव्हता. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची सपाट माथ्याची पोर्क पाय हॅट ही इतकी त्याची स्वतःची होती की मार्च १९५९ मध्ये तो वारल्यावर बासवादक चार्ल्स मिंगसने त्याच वर्षी त्याच्यासाठी केलेल्या रचनेला त्या हॅटचेच नाव दिले. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीची मऊ, चपटी बेरे टोपी, जाड काड्यांचा चष्मा आणि हनुवटीवरची छोटी दाढी ही १९४० च्या दशकात बीबॉप या जॅझच्या नव्या शैलीची खूणच होऊन बसली. पण बेरे का, तर इतर हॅट तो कुठेतरी विसरून येत असे आणि ही खिशात कोंबता येई, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. चाहत्यांनी टोपी तेवढी उचलली, विसरभोळेपणा तिथेच राहिला! आपल्या मित्राचेही तसेच होत आहे, असे मला वाटते.

उत्तर – वाशीतले आजोबा

घोडबंदरकरांशी मी अर्धाच सहमत आहे. सगळ्यांनी एकसारखे नटणे म्हणजे नक्कलच, असे समजू नये. मॉडर्न जॅझ क्वार्टेट या अमेरिकी चमूचे चौघे वादक टक्सिडो, म्हणजे समारंभाचा औपचारिक सूट, घालून बसत, कारण शास्त्रीय मैफलीला मिळणारा मान आपल्या वादनालाही मिळाला पाहिजे, असा त्यांचा पियानोवादक जॉन लुईस याचा कटाक्ष होता. कृष्णवर्णीय कलावंतांसाठी त्या काळच्या अमेरिकेत ही साधी हौस नव्हती. आपल्या मुंबईतही लिऑन ॲबीचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि पुढे तिथेच गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट गाजला, ज्याला लोक प्रसिद्ध अमेरिकी ट्रम्पेटवादकावरून 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. सी. रामचंद्र यांचे संगीत असलेल्या १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो. आपल्या मित्राला तो आवर्जून दाखवावा.

उत्तर – शिंपीआळी

मी कपड्यांच्या व्यवसायात आहे, म्हणून फक्त कापडाविषयी लिहितो. ठाण्याच्या मे महिन्यात अस्तर लावलेला काळा लोकरी सूट घालून दीड तास फुंकवाद्य वाजवणे म्हणजे स्वतःला वाफेवर उकडून घेणे आहे. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस अमेरिकेतील केंब्रिजच्या अँडोव्हर शॉप या कपड्यांच्या दुकानातून मऊ खांद्यांची, फार कमी भरण असलेली जाकिटे घेऊ लागला होता. आपण तो खांदा शिंप्याला दाखवावा आणि कापड मात्र सीअरसकर घ्यावे. हे सुती कापड मुळात आपल्याकडूनच पश्चिमेला गेले आणि त्याचे नाव फारसीतल्या 'दूध आणि साखर' या शब्दांवरून आले. काही उभे धागे सैल ठेवून विणल्यामुळे त्याला सुरकुत्या पडतात, ते अंगाला चिकटत नाही आणि मधून हवा खेळते. माप देताना सॅक्सोफोन धरल्यासारखे हात पुढे करून उभे राहावे, म्हणजे पाठीवर ओढ बसणार नाही. रात्री काळा चष्मा लावल्यास समोरचे नोटेशन दिसणार नाही, हे वेगळे सांगायला नको. आर्मस्ट्राँगच्या हातात कायम असे तो पांढरा रुमाल मात्र प्रत्येकाने अवश्य ठेवावा. घाम पुसायलाच तो असे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाकीट सुती आणि फिक्या रंगाचे शिवायचे ठरले असून रुमाल पाचही जण ठेवणार आहेत. ड्रमवादक मित्र हॅट आणि काळा चष्मा सोडायला तयार नाही. पण तो नोटेशन वाचतच नाही, त्यामुळे आम्ही हरकत घेतलेली नाही.