प्राग एका दिवसात, आईबाबांसोबत: गाईड घ्यावा का?

म्युनिकवाली
नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आईबाबा पहिल्यांदाच माझ्याकडे म्युनिकला येतायत, आणि त्यांना एक तरी जुनं युरोपियन शहर नीट दाखवायचंय म्हणून प्राग ठरवलंय. शुक्रवारी रात्री पोचू, शनिवार पूर्ण दिवस हातात, रविवारी दुपारी परत. बाबा ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात पण चालायची हौस आहे, इतिहास आणि पंचांग हे दोन त्यांचे जीव की प्राण विषय. आई शाकाहारी. मी गाईड घेऊ की स्वतःच नकाशा बघून फिरवू? बसची ग्रुप टूर स्वस्त दिसतेय. कुणी केलंय का?

सिंहगड_रोड
ग्रुप टूर अजिबात नको, मनापासून सांगतो. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, चाळीसेक माणसं, गाईड छत्री वर करून पुढे पुढे पळतोय आणि आम्ही मागे. आई टॉयलेटला गेली तेवढ्यात ग्रुप गायब, मग अर्धा तास आम्ही चौकात उभे, कंपनीला फोन केला तर म्हणे पुढच्या स्टॉपला येऊन भेटा. पुढचा स्टॉप पुलाच्या पलीकडे! आई त्या दिवशी नंतर काही बोललीच नाही. वयस्कर माणसं असतील तर लायसन्सवाला प्रायव्हेट गाईड घ्या, चार तासांपुरताच घ्या, पण तुमच्याच चालीने चालणारा घ्या.

व्लतावाकाठी
मी इथेच राहते, पाहुणे येतच असतात त्यामुळे हा दिवस माझा पाठ झालाय.

आधी वार बदला. शनिवारी ज्यू म्युझियमची सगळी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं, पिंकासही त्यातलंच) आणि जुनी दफनभूमी बंद असते आणि रविवारी सकाळी किल्ल्यातलं सेंट व्हीटस कॅथेड्रल (मोठं चर्च) प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांना दुपारी बारानंतर सोडतात. म्हणजे तुमच्या प्लॅनमध्ये नेमकं काहीतरी हुकणारच. गुरुवारी रात्री या आणि शुक्रवार फिरा. सप्टेंबरमध्ये ज्यूंचे सणही येतात, तेव्हाही बंद असतं, तारीख बघून घ्या.

गुडघ्यांसाठी एकच नियम, वरून खाली या. खालून किल्ला चढायचा नाही. सकाळी २२ नंबरची ट्राम पकडून प्राझस्की ह्रद (म्हणजे प्राग किल्ला) स्टॉपला उतरा, तिथून पूल ओलांडून जवळजवळ सपाट रस्त्याने आत जाता येतं. तिकीट पिवळ्या मशीनमध्ये पंच करायला विसरू नका. गर्दी व्हायच्या आत, नऊच्या आधी पोचा. सेंट व्हीटस कॅथेड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ ला, जवळपास सहाशे वर्षं, मधली बरीच शतकं ते अर्धवटच उभं होतं. गाईडला सांगा जुना भाग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो तो सांधा दाखव. गोल्डन लेन सोडा, गल्ली चिंचोळी आणि गर्दी फार.

उतरताना पायऱ्या नकोत, परत तीच ट्राम धरून मालोस्त्रान्स्के नामेस्तीला उतरा, चार्ल्स ब्रिज पाच मिनिटांवर. पायाभरणी १३५७ ची, लांबी ५१६ मीटर, दोन्ही बाजूंना ३० पुतळे. सेंट जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखाली ब्राँझची पट्टी आहे, लोकांनी हात लावून लावून तेवढाच भाग सोन्यासारखा चकचकीत झालाय, बाकी सगळं काळं. १३९३ मध्ये त्यांना याच पुलावरून नदीत टाकलं होतं.

आता बाबांसाठी खास. पूल ओलांडून पुढे जुन्या शहराच्या मुख्य चौकातलं, टाऊन हॉलवरचं १४१० चं घड्याळ. सगळे लोक खिडकीतून फिरणारे बारा प्रेषित बघून निघून जातात, पण ते घड्याळ म्हणजे भिंतीवर लावलेलं पंचांगच आहे हो! सूर्य कुठल्या राशीत आहे ते दिसतं, चंद्राचा गोळा अर्धा चांदीचा अर्धा काळा, तो फिरून कला दाखवतो. बाहेरच्या कड्यावर चोवीस आकडे आहेत ते जुन्या बोहेमियन वेळेचे, तिथे दिवस सूर्यास्तापासून मोजायचे, जशा आपल्याकडे घटका सूर्योदयापासून मोजतात. फक्त राशी तिथे सायन आहेत (वसंतसंपातापासून मोजलेल्या), आपल्या पंचांगात निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या), साधारण २४ अंशांचा फरक, म्हणून बाबांना सूर्य पुढच्या राशीत दिसला तर ते चुकलंय असं वाटू देऊ नका :)

त्याच चौकात टाऊन हॉलच्या भिंतीला लागून फरसबंदीत २७ पांढरे क्रॉस आहेत. २१ जून १६२१ ला तिथे हाब्सबर्ग बादशहाविरुद्ध बंड केलेल्या २७ पुढाऱ्यांना मारलं. लोक त्याच्यावरून आईस्क्रीम खात चालत जातात, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. मला विचाराल तर गाईड घ्यायचा तो एवढ्यासाठीच.

दुपारी पिंकास सिनेगॉग. भिंतींवर हातानं लिहिलेली नावं, बोहेमिया आणि मोरावियातल्या जवळपास ८०,००० ज्यू माणसांची, नाझींनी मारलेली. माझे सासरे तिथे एका भिंतीसमोर बसून राहिले, आम्ही हाक मारली नाही. घाई करू नका तिथे. मग संध्याकाळी तासभर बोट, पायांना विश्रांती.

सिंहगड_रोड
खाण्याचं आणि पैशाचं राहिलं. आईंना स्माझेनी सिर मागवा, तळलेलं चीज, सोबत बटाटे. ब्रांबोराक म्हणजे लसूण घातलेलं बटाट्याचं थालीपीठच, पण बेकन नाही ना ते विचारून घ्या. युरो चालतात असं समजू नका, कोरुना (चेक चलन) लागतात. रस्त्यात कुणी नोटा बदलून देतो म्हणाला तर थांबूच नका. पैसे बदलायच्या दुकानात बदलले आणि भाव फसवा निघाला तर तीन तासांच्या आत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो, १००० युरोपर्यंत, तसा कायदाच आहे.

म्युनिकवाली
खूप खूप आभार दोघांचे. शुक्रवारची सुट्टी टाकली, गाईड नऊ ते एक ठरवला, त्याला २७ क्रॉस आणि घड्याळ आधीच कळवलंय. बाबांना फोनवर सायन निरयनचं सांगितलं तर त्यांनी लगेच त्या दिवशीचा सूर्य काढून ठेवला, कागद पासपोर्टमध्ये घडी घालून ठेवलाय म्हणे. ताई, पिंकासमध्ये बसायला बाक आहेत का? बाबांसाठी फोल्डिंगचं छोटं स्टूल आणायचं का ते ठरवायचंय.

व्लतावाकाठी
आणाच. पुलावरही कामाला येईल.