संशोधकाने आख्खा डेटाच लोकांच्या हातात द्यावा का? (लुइझियानाच्या गुलामांची यादी)

कोरा कागद:
मंडळी, सध्या अमेरिकेतल्या गुलामगिरीवर मिळेल ते वाचतोय आणि ग्वेन्डोलिन मिडलो हॉल या बाईंपाशी येऊन अडकलोय. मूळच्या न्यू ऑर्लिन्सच्या, रटगर्स विद्यापीठात इतिहास शिकवायच्या, २०२२ मध्ये गेल्या. १९८४ साली लुइझियानातल्या पॉइंट कूपी परगण्याच्या कोर्टात जुनी दप्तरं चाळताना त्यांच्या लक्षात आलं की फ्रेंच आणि स्पॅनिश अमलातल्या नोटरींनी गुलामांबद्दल ढीगभर लिहून ठेवलंय. मालक मेला की इस्टेटीची मोजदाद व्हायची, त्यात गुरंढोरं, भांडीकुंडी आणि त्याच यादीत माणसं. नाव, अंदाजे वय, किंमत, आफ्रिकेतल्या कुठल्या समाजाचा, सुतारकाम येतं का स्वयंपाक, काय दुखणं आहे, आधी कधी पळाला होता का. बाईंनी पंधराएक वर्षं घालवून हे कागद वाचले आणि एकेक माणूस कंप्युटरमध्ये भरला, १७१९ ते १८२० मधल्या एक लाखाच्या वर नोंदी. २००० साली सीडी निघाली आणि पुढे सगळं नेटवर फुकट.

माझं स्पष्ट मत, इतिहासकाराने असंच वागावं. नाहीतर कागद दाबून बसायचं, स्वतःचं पुस्तक येईपर्यंत कुणाला वाससुद्धा लागू द्यायचा नाही, हेच सगळीकडे चालतं. बोला.

सदाशिवपेठी चष्मा:
बाईंच्या कष्टांना दंडवत, पण तुमच्या निष्कर्षाला नाही. हे कागद लिहिले कोणी? विकणाऱ्याने आणि त्याच्या नोटरीने. 'बम्बारा' हा शब्दच घ्या, पश्चिम आफ्रिकेतल्या एका समाजाचं नाव. बाईंचं म्हणणं की लुइझियानात आलेले बरेच लोक बम्बारा होते आणि त्यांनी तिथे आपली ओळख टिकवली. नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला की सेनेगलच्या किनाऱ्यावरचे फ्रेंच व्यापारी आतल्या मुलखातून आणलेल्या कुठल्याही बंदिवानाला सरसकट बम्बारा म्हणायचे. म्हणजे त्या रकान्यात जे लिहिलंय ते त्या माणसाचं मूळ आहे का व्यापाऱ्याचं लेबल, हा वाद खुद्द तज्ज्ञांमधे मिटलेला नाही, आणि इकडे कोणीतरी रविवारी दुपारी सर्च मारून 'आमचे पूर्वज बम्बारा' म्हणून मोकळा होणार. याला संशोधन लोकांपर्यंत पोचवणं म्हणायचं?

न्यूजर्सीकर:
चष्मेवाले, तुम्हाला दुसरी बाजू माहीत नाही असं दिसतंय म्हणून सांगतो. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांचा वेगळा तक्ता असायचा, त्यात नाव मालकाचं आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. गुलामांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. सगळ्यांची नावं जनगणनेत आली ती एकदम १८७० मधे. त्यामुळे काळ्या कुटुंबांचा शोध १८७० ला जाऊन भिंतीवर आपटतो, इथे वंशावळ शोधणारे लोक अक्षरशः भिंतच म्हणतात त्याला. माझ्या ऑफिसातला एकजण दर थँक्सगिव्हिंगला आजीच्या आजीपर्यंत येऊन थांबतो, पुढे काही नाही. अशा माणसाला लेबलचा वाद नंतर सांगा हो, आधी नाव तर मिळू दे.

सदाशिवपेठी चष्मा:
मिळू दे ना. पण बाईंची यादी १८२० ला संपते, भिंत १८७० ला. मधली पन्नास वर्षं कशी ओलांडणार? बहुतेकांना कागदोपत्री आडनाव नाही, दर विक्रीला मालक बदलतो. ते जोडायला परत आर्काइव्हच आणि परत जाणकार माणूसच लागतो. तेच तर म्हणतोय मी.

चिंचेची पानं:
दोघांनाही जॉर्जटाऊनचं प्रकरण आठवत नाही का? १८३८ मधे मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्या मळ्यांवरचे २७२ गुलाम लुइझियानात विकायला काढले, १,१५,००० डॉलरचा सौदा, आणि त्यातले काही पैसे जॉर्जटाऊन कॉलेजचं कर्ज फेडायला गेले. आता गंमत बघा, इतिहासकारांना हे कित्येक दशकं माहीत होतं. लेख होते. १९९० च्या दशकात त्याच विद्यापीठाच्या लोकांनी कागदपत्रं चक्क वेबसाइटवर टाकली होती. तरी बहुतेक वंशजांना पत्ता नाही! विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली, वंशावळ शोधणारे लोक कामाला लागले, २०१६ मधे पेपरात आलं, तेव्हा कुठे मॅरिंग्वन नावाच्या छोट्या गावातल्या लोकांना कळलं की आपण त्यातलेच.

म्हणजे कोरा कागद, तुमचं 'नेटवर टाकलं म्हणजे दिलं' हे इथेच फसतं. कोणीतरी उठून दार वाजवायला लागतं.

कोरा कागद:
पण दार वाजवणाऱ्याच्या हातात कागद कुठून आले? यादी असल्याशिवाय कुणाचं दार वाजवणार?

चिंचेची पानं:
कबूल. पण वीस वर्षं वेबसाइट पडून होती हे पण कबूल करा की.

फाटकी छत्री:
अवांतर: महात्मा फुल्यांनी १८७३ मधे 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं होतं. कुणीच कसं काढलं नाही अजून.

कोरा कागद:
छत्री, माहितीय, त्यासाठी वेगळा धागा काढा प्लीज, इथे आधीच बम्बारावरून जुंपलीय.

मोडी लिपी मोडीत:
राजवाड्यांचा विषय निघायलाच हवा इथे. १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला लागले, बावीस खंड. मूळ पत्रं छापली आणि काही खंडांना अशा लांबलचक प्रस्तावना जोडल्या की त्यावर आजही भांडणं होतात. साधनंही दिली आणि मतंही दिली, आणि ज्याला प्रस्तावना पटली नाही त्याने पत्रं वाचून राजवाड्यांनाच खोडून काढलं. हॉलबाईंचं तरी वेगळं काय? त्यांचं बम्बाराबद्दलचं मत पुस्तकात आहे, नोंदी वेगळ्या आहेत. मत चुकीचं वाटतंय तर नोंदी घ्या आणि खोडा. चष्मेवाल्यांना भीती कसली वाटते हेच कळत नाही. लोक चुकीचा अर्थ काढतील? ते तर पुस्तक वाचूनही काढतात.

सदाशिवपेठी चष्मा:
भीती नाही हो. राजवाडे खोडणारे लोक मोडी वाचणारे होते, एवढंच म्हणणं आहे.

न्यूजर्सीकर:
मी न्यू ऑर्लिन्सजवळच्या व्हिटनी प्लांटेशनला जाऊन आलोय. २०१४ मधे उघडलेलं म्युझियम, मालकाच्या बंगल्यापेक्षा गुलामांवर भर. तिथे ग्रॅनाइटच्या पाट्यांच्या रांगा आहेत, त्यावर हॉलबाईंच्या डेटाबेसमधली १,०७,००० माणसांची नावं, आणि त्या भागाला बाईंचंच नाव दिलंय. आडनाव नाही, फक्त नाव, पुढचं नाव, पुढचं नाव. मधे मधे गुलामीतून सुटलेल्यांच्या म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी कोरल्यात. ऊन मी म्हणत होतं तरी लोक वाचत उभे होते, त्यांना मोडी येत नव्हती, चष्मेवाले.

सदाशिवपेठी चष्मा:
म्हणजे कोणीतरी बसून मांडणी केली, आठवणी निवडल्या, शेजारी लावल्या. याच्या विरोधात मी कधी होतो? नुसता रकान्यांचा ढीग नेटवर सोडण्याच्या विरोधात आहे.

कोरा कागद:
ढीग सोडला नसता तर पाट्यांवर काय कोरलं असतं?

नवखा:
वाचनमात्र होतो, एकच शंका. हा डेटाबेस आत्ता बघायचा तर कुठे?

चिंचेची पानं:
एन्स्लेव्ड डॉट ऑर्ग, २०२० पासून इतर याद्यांबरोबर हॉलबाईंच्या नोंदी पण तिथे घेतल्यात. पैसे नाहीत, लॉगिन नाही.

सदाशिवपेठी चष्मा:
जा, आणि 'मारी' टाकून बघा. त्यातली कुठली मारी कुणाची आजी, ते शोधून मग या इथे भांडायला.