स्पिटफायर वळणावर डावीकडे पडतंय आणि तीन मिनिटांनी पॉवर जाते, कुठून सुरुवात करू?

सिडकोचा_वैमानिक

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. 1200 एमएम पंखांचं, रिमोटवर उडणारं स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश फायटरचं मॉडेल) आहे, फोमचं, प्लॅनवरून घरीच कापून बनवलंय, चार महिने गेले त्यात. मोटर 3536 साइझची 1000 केव्ही (दर व्होल्टला 1000 आरपीएम), प्रॉप (पुढचा पंखा) 10 बाय 7, म्हणजे 10 इंच व्यास आणि एका फेरीत 7 इंच पुढे, ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) 40 अँपिअरचा, बॅटरी थ्री एस (तीन सेलची लायपो) 2200 एमएएच. सहा सर्व्हो (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि वर इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट (चाकं आत घेणारी यंत्रणा). बॅटरीसकट वजन 1350 ग्रॅम.

डिसेंबरात सकाळी गिरणारेच्या बाजूला माळावर उडवलं तेव्हा बऱ्यापैकी उडालं होतं. आता एप्रिलमध्ये त्याच माळावर दुपारी चारला नेलं तर वेगळंच विमान असल्यासारखं वागतंय. थ्रॉटल दिला की सरळ डावीकडे पळतं, रडर (शेपटीची उभी फळी) देऊन कसंबसं उचललं. साधारण तीन मिनिटं झाली की पॉवर अर्ध्यावर येते, थ्रॉटल खाली घेऊन परत दिला की थोडा वेळ चालते आणि परत तेच. मागच्या रविवारी लँडिंगला यायच्या वळणावर डावा पंख एकदम खाली गेला, उलटं झालं आणि शेजारच्या द्राक्षबागेत मांडवाच्या तारांवर जाऊन पडलं. खरड छाटणी झालेली होती म्हणून लगेच दिसलं तरी, पानं असती तर शोधत बसलो असतो. डाव्या पंखाचं टोक तुटलं, ते जोडलंय. वडील पहिल्यांदाच बघायला आले होते, त्यांच्यासमोर झालं हे, फार वाईट वाटलं.

अजून एक, दोनदा असं झालंय की चाकं वर घेताना सगळे सर्व्हो एकदम थरथरले आणि अर्धा सेकंद काहीच ऐकत नव्हते. ग्राउंडवर सगळे म्हणतात जायरोवाला (विमान आपोआप सरळ धरणारा) रिसीव्हर टाक, सगळं नीट होईल. टाकू का?

पंचवटी_फ्लायर

टाक भावा. मी माझ्या ट्रेनरला (शिकायच्या विमानाला) टाकलाय, वाऱ्यात पण हलत नाही. दुपारी आपल्याकडे वारं असतंच.

ओझरचे_काका

जायरो थांबव रे बाबा जरा. ट्रेनरची गोष्ट वेगळी, त्याचा पंख जाड आणि सरळ असतो, तो स्टॉल झाला (वेग पडून पंखाची उचल गेली) तरी नाक खाली घालून सावरतो. स्पिटफायरचा पंख टोकाला निमुळता होत जातो, टोक आधी स्टॉल होतं. आता डावं टोक स्टॉल झालं आणि पंख पडायला लागला तर जायरो काय करणार, पंख उचलायला डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली करणार. एलेरॉन खाली म्हणजे त्या टोकाचा हवेशी अँगल अजून वाढला, म्हणजे आधीच स्टॉल झालेलं टोक अजून खोल स्टॉलमध्ये गेलं. तू स्टिक उजवीकडे मारलीस तरी हेच होतं, म्हणून तुला वाटलं विमान ऐकत नाहीये. आणि शेपूट जड असेल तर जायरो ते झाकून ठेवतो, पडेपर्यंत कळू देत नाही.

मी ओझरला एचएएलमध्ये असेंब्लीत होतो, आमच्याकडे मिग आणि नंतर सुखोई व्हायचे. खरं विमान सुद्धा वजन करून, सीजी (तोलबिंदू) कागदावर आल्याशिवाय उडत नाही. मॉडेलला पण तोच न्याय लाव. तर आधी हे सांग, सीजी कुठे ठेवलास आणि मोजलास कुठून? प्लॅनवर जो आकडा असतो तो पंख बॉडीला जिथे भिडतो तिथल्या पुढच्या कडेपासून असतो. बोटं पंखाच्या मधे ठेवून तिथूनच टेप लावला तर चुकतं, कारण या पंखाची पुढची कड बाहेर जाताना मागे वळत जाते. आणि लो विंग (पंख बॉडीच्या खालच्या बाजूला) आहे तेव्हा उलटं करून तोलायचं, सरळ धरलंस तर वरचं वजन डोलतं आणि खरं कळत नाही. चाकं आत घेऊन बघ.

दुसरं, स्पिनर (प्रॉपच्या मधली टोपी) आणि शेपटीला धरून आडवं तोलून बघ. डावं टोक जोडताना किती ग्लू गेला? टोकावरचे दहा ग्रॅम लई असतात. डावं जड निघालं तर उजव्या टोकात तेवढं वजन बसव.

तिसरं, दोन्ही एलेरॉन न्यूट्रलला थोडे खाली लोंबत तर नाहीत ना? खऱ्या स्पिटफायरच्या पंखाला टोकाकडे पीळ दिलेला होता, टोकाचा अँगल मुळापेक्षा कमी, त्यामुळे टोक उशिरा स्टॉल होतं. फोम कापताना तो पीळ बहुतेक राहून जातो. मग दोन्ही एलेरॉन दीड-दोन एमएम वर ट्रिम करून ठेव, बरंचसं तेच काम होतं. एलिव्हेटरचा (शेपटीची आडवी फळी) थ्रो, म्हणजे हालचाल, पण कमी कर, वर-खाली 8 एमएम पुष्कळ झालं, वर 30 टक्के एक्स्पो (स्टिक मधे असताना हालचाल सौम्य करणारं सेटिंग) दे. वळणावर घाबरून एलिव्हेटर खेचला की खेळ खलास.

अंबडचा_वाइंडर

काकांचं सगळं बरोबर आहे, पण माझ्या मते रोग दोन आहेत आणि एक दुसऱ्याला वाढवतोय. तीन मिनिटांनी पॉवर अर्धी होते म्हणजे ईएससीचा लो व्होल्टेज कटऑफ (बॅटरी फार उतरू नये म्हणून पॉवर कमी करणं) लागतोय, मोटर बिचारीचा काही दोष नाही. लँडिंगच्या वळणावर पॉवर नाही, वेग पडलेला, त्यात तू घाबरून वळण घट्ट केलंस. 60 अंश बँक केलं (तिरकं झुकवलं) की पंखावर दुप्पट वजन येतं आणि स्टॉल स्पीड 1.4 पट होतो. सरळ उडताना हे विमान ताशी 37-38 किलोमीटरच्या स्पीडला स्टॉल होत असेल तर त्या वळणात 52-53 लाच होणार. म्हणून आधी पॉवर बघ.

वॉटमीटर मधे लाव, फुल थ्रॉटल 5 सेकंद, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही लिहून पाठव. आणि चार्जरवर प्रत्येक सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स बघ, एकूण नको, सेलवार पाहिजे.

सर्व्हो थरथरतात तो तिसरा प्रॉब्लेम आहे आणि तोच सगळ्यात धोक्याचा. ईएससीमधला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना 5 व्होल्ट देणारा भाग) लिनियर असेल तर 12 व्होल्टचे 5 करताना दर अँपिअरला 7 वॉट नुसते गरम होण्यात जातात. सहा सर्व्हो आणि रिट्रॅक्ट एकदम ओढायला लागले की तो बसतो आणि रिसीव्हर रीस्टार्ट होतो. 5 अँपिअरचा वेगळा स्विचिंग यूबीईसी (कमी तापणारा, ईएससीबाहेरचा बीईसी) घे आणि ईएससीच्या थ्रॉटल वायरमधली लाल पिन काढून टेप लावून ठेव, दोन्ही एकत्र नको. ईएससी कुठे ठेवलाय? कावलिंगमध्ये (मोटरवरच्या झाकणात) हवा आत येते तेवढी बाहेर जायला पण भोक पाहिजे, आत येणाऱ्यापेक्षा मोठंच पाहिजे.

सिडकोचा_वैमानिक

काका, दादा, दोघांचे खूप आभार. काल रात्री जेवण झाल्यावर सगळं मोजलं.

सीजी चुकलाच होता. प्लॅनवर 75 एमएम आहे, मी पंखाच्या मधल्या भागात बोटं ठेवून तिथून 75 मोजत होतो आणि तिथली कड मुळापेक्षा 11 एमएम मागे आहे. म्हणजे चार महिने 11 एमएम शेपूट जड उडवतोय. ग्लूमुळे डावा पंखही जड निघाला.

फुल थ्रॉटलला 38 अँपिअर. सेल एक 9 मिलिओहम, सेल दोन 9, सेल तीन 28. हे वाईट आहे का? मार्चमध्ये दोन आठवडे फुल चार्ज करून माळ्यावर ठेवली होती, वर पत्रा आहे. कटऑफ 9.6 वर आहे, तो 9 वर आणला तर चालेल का, म्हणजे नवी बॅटरी घ्यावी लागणार नाही.

अंबडचा_वाइंडर

नको. हिशोब कर ना, 38 अँपिअरला तिसरा सेल एकटाच एक व्होल्टच्या वर बसतोय आणि तीन मिळून पावणेदोन व्होल्ट. बॅटरी फुल असताना 12.6 मधून पावणेदोन गेले तरी 10.8 राहतात म्हणून टेकऑफ छान होतो. तीन मिनिटांत हजारेक एमएएच गेले की नुसता ठेवलेला सेल 3.8 वर येतो, तिन्हीचे 11.4, त्यातून पावणेदोन आणि वायरींचं थोडं, झाले साडेनऊ. कटऑफ लागला. थ्रॉटल सोडलास की व्होल्टेज वर येतं म्हणून परत थोडं चालतं. कटऑफ खाली आणलास तर तो तिसरा सेल एकटाच 2.6 च्या खाली जाणार, फुगणार, आणि फुगलेली लायपो फोमच्या विमानात मला तरी नकोय. ती बाद कर, मिठाच्या पाण्याचे वगैरे प्रयोग न करता बल्बवर हळूहळू पूर्ण उतरव. नवी घेतलीस की उडवायची नसेल तेव्हा सेलला 3.8 वर स्टोरेज करून ठेव आणि पत्र्याखाली अजिबात नको, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे माळ्यावर काय तापतं माहितीये ना.

आणि 38 अँपिअर 40 च्या ईएससीवर, तेही उन्हात, फार काठावर आहे. प्रॉप 10 बाय 6 कर किंवा ईएससी 60 चा घे. 10 बाय 5 वर नको जाऊ, टॉप स्पीड फार पडेल.

ओझरचे_काका

डिसेंबर आणि एप्रिलचा फरक विचारला होतास तो राहिला. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे. डिसेंबरात सकाळी 10 डिग्री आणि एप्रिलमध्ये दुपारी 40, यात हवा दहा टक्के पातळ होते. स्टॉल स्पीड पाच टक्के वर आणि प्रॉपचा जोरही कमी. ठीक असलेलं विमान एवढ्याने पडत नाही, पण तुझं आधीच काठावर होतं.

सीजीसाठी बॅटरी पुढे सरकव. 190 ग्रॅमची असेल तर 11 एमएमसाठी जवळजवळ 8 सेंटिमीटर सरकवावी लागेल, स्पिटफायरचं नाक आखूड, एवढी जागा नसणार. जमेल तेवढी सरकव आणि उरलेलं शिसं लाव, मोटरच्या अगदी जवळ.

गंगापूररोड_67

डावीकडे पळण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मागून बघितलं तर तुझा प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून टॉर्कने विमान डावीकडे जातं. मर्लिन इंजिनच्या स्पिटफायरचंही तसंच होतं, आणि पुढे ग्रिफन इंजिन आलं ते उलटं फिरायचं म्हणून ती उजवीकडे ओढायची. आपल्या एअरफोर्सकडे दोन्ही होती, मार्क 8 मर्लिनचं आणि मार्क 14 ग्रिफनचं, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या पायलटला पाय उलटे लावायला लागत असणार.

मोटर माउंटच्या मागे, डाव्या बाजूच्या दोन स्क्रूंवर एकेक वॉशर टाक, म्हणजे मोटर उजवीकडे बघेल, दोन-अडीच अंश पुरे. आणि थ्रॉटल तीन-चार सेकंद घेऊन हळू उघड, शेपूट उचलली की मगच फुल.

ग्राउंड बदलणार असशील तर उडवण्याआधी झोनचा (कुठे उडवता येतं त्याचा) नकाशा बघून जा, एका बाजूला ओझरचं विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला देवळालीचा लष्करी भाग असल्यामुळे नाशिकमध्ये बऱ्याच जागी परवानगी लागते.

सिडकोचा_वैमानिक

मंडळी, अपडेट. बॅटरीचा फॉर्मर (बॉडीतली आडवी चौकट) कापून ती 5 सेंटिमीटर पुढे नेली आणि कावलिंगमध्ये गळाला लावायचं शिसं 30 ग्रॅम चिकटवलं, आता उलटं धरून बरोबर 75 वर तोलतंय. उजव्या टोकात एक रुपयाचं नाणं फोम कोरून बसवलं. एलेरॉन 2 एमएम वर. नवी बॅटरी, यूबीईसी, 10 बाय 6 चा प्रॉप, आता 33 अँपिअर ओढतंय.

आज सकाळी साडेसहाला गिरणारेला गेलो, वारं अजिबात नव्हतं. वडिलांना परत घेऊन गेलो. टेकऑफला अजून किंचित डावीकडे जातं, अजून अर्धा वॉशर टाकतो. वर उंचावर नेऊन काकांनी सांगितलेलं सगळं मनात ठेवून थ्रॉटल बंद केला आणि एलिव्हेटर हळू हळू खेचत गेलो, नाक वर, वर, आणि मग डावा पंख थोडासा झुकला आणि नाक खाली गेलं, स्टिक सोडली तर लगेच उडायला लागलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. मग 45 अंशात डाइव्ह देऊन स्टिक सोडली, हळूच वर येतंय, खाली घुसत नाहीये. साडेपाच मिनिटं उडालं, उतरल्यावर तिन्ही सेल 3.76 च्या आसपास. चाकं वर-खाली पाच वेळा केली, एकदाही सर्व्हो थरथरले नाहीत.

लँडिंगला थोडा थ्रॉटल ठेवून मोठं वळण घेतलं, दोन टप्पे खाऊन उतरलं. वडिलांनी धावत जाऊन हातात उचलून आणलं. जायरो नाही घेतला. आता एकच राहिलंय, फ्लॅप (लँडिंगला पंखामागे खाली येणाऱ्या फळ्या) खाली केले की नाक वर येतं, त्याला एलिव्हेटर मिक्स (फ्लॅपबरोबर एलिव्हेटर आपोआप हलवणं) किती टक्के द्यायचं ते सांगा, पुढच्या रविवारी बघतो.