१४०२ चा ताप आला नसता तर व्हिस्कोंतींचं राज्य टिकलं असतं का?

तारीखनोंद (धागालेखक)

मिलानचा सत्ताधीश जान गालेआझ्झो व्हिस्कोंती याच्याबद्दल एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: ३ सप्टेंबर १४०२ ला मेलेन्यानोत तो तापाने गेला नसता तर फ्लोरेन्स पडलं असतं आणि निम्मी इटली एका छत्राखाली आली असती. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी परिस्थिती. १३९९ मध्ये त्याने पिसा २ लाख फ्लोरिनना (सोन्याची नाणी) विकत घेतलं. पाठोपाठ सिएना आणि पेरुजा त्याच्याकडे आलं. २६ जून १४०२ ला कासालेक्कियोच्या लढाईत त्याच्या फौजेने बोलोन्याची वाट मोकळी केली. नकाशावर फ्लोरेन्सच्या चहूबाजूंनी त्याचा मुलूख दिसतो, आणि पिसा गेल्यामुळे फ्लोरेन्सच्या मालाचा समुद्राकडचा रस्ताही त्याच्या हातात. इथवर वाद नाही.

पण मुलूख ताब्यात असणं वेगळं आणि तो ज्यांच्या जोरावर ताब्यात आहे ते लोक आपले असणं वेगळं. व्हिस्कोंतींची फौज करारावर चालायची. या कराराला 'कोन्दोत्ता' म्हणत. सेनानी किती 'लान्चा' आणणार ते त्यात लिहिलेलं असे. एक लान्चा म्हणजे तीन माणसं: चिलखती स्वार, त्याचा जोडीदार आणि एक पोऱ्या. पक्की मुदत साधारण सहा महिन्यांची, त्यापुढची मुदत धन्याच्या मर्जीवर. सुरुवातीला उचल, मग दरमहा पगार, आणि पगाराआधी हजेरी. हजेरीत घोड्यांचा रंग आणि खुणासुद्धा नोंदवत, म्हणजे एकच घोडा दोनदा दाखवता येऊ नये. व्यवस्था चोख होती, पण ती रोख पैशावर चालायची. पगार थकला की सेनानी ज्या शहरात बसलाय ते शहर तारण समजून दाबून ठेवायचा.

१४०२ नंतर नेमकं हेच झालं. थोरला मुलगा जोव्हान्नी मारिया तेव्हा १४ वर्षांचा, धाकटा फिलिप्पो मारिया १० वर्षांचा. कारभार आई कातेरीनाकडे. त्याच्या सेनानींपैकी फाचीनो काने अलेस्सांद्रियात बसला, पांदोल्फो मालातेस्ताने ब्रेशा घेतलं, ओत्तोबुओनो तेर्त्सीने पार्मा. बोलोन्या आणि पेरुजा १४०३ मध्येच पोपकडे परत. व्हेनिसने १४०४ मध्ये व्हिचेन्झा आणि १४०५ मध्ये व्हेरोना उचललं. अनौरस मुलगा गाब्रिएले मारियाच्या वाट्याला आलेलं पिसा १४०५ मध्ये थेट फ्लोरेन्सलाच विकलं गेलं. ज्या शहरासाठी एवढा खटाटोप केला ते तीन वर्षांत शत्रूच्या पदरात!

तापाने हे घडवलं नाही. माणूस पन्नाशीत गेला असता किंवा सत्तरीत, राज्याची बांधणी तीच राहिली असती.

कारकून

असहमत, आणि ठाम असहमत. तुम्ही फौजेकडे पाहताय, दफ्तराकडे नाही.

ही सत्ता कशी घडली त्या पायऱ्या बघा. १२६२ मध्ये पोप उर्बान चौथ्याने ओत्तोने व्हिस्कोंतीला मिलानचा आर्चबिशप नेमलं. पण शहर देल्ला तोर्रे घराण्याच्या मुठीत, त्यामुळे गादीवर बसायला त्याला २१ जानेवारी १२७७ ची देसियोची लढाई जिंकावी लागली. पराभूत नापो देल्ला तोर्रे कोमोच्या बारादेल्लो किल्ल्यातल्या पिंजऱ्यात मेला. ओत्तोनेने लगेच मुकुटाचा हट्ट धरला नाही. १२८७ मध्ये पुतण्याच्या मुलाला, मातेओला, 'जनतेचा कप्तान' हे शहराचंच जुनं पद मिळवून दिलं. १२९४ मध्ये मातेओने त्यावर पवित्र रोमन (जर्मन) सम्राटाच्या प्रतिनिधीपदाची सनद चढवली. आधी ठराविक मुदतीचं पद, मग तहहयात, मग वंशपरंपरागत, आणि प्रत्येक वेळी नगरसभेचा ठराव. १३०२ मध्ये हाकलले गेले तरी १३१० च्या अखेरीला सम्राट सातव्या हाइनरिखबरोबर मातेओ मिलानमध्ये परतला.

जिंकलेल्या शहराचे जुने कायदे ते सहसा ठेवत. वर बाहेरगावचा 'पोदेस्ता' न्यायाला आणि 'रेफेरेन्दारियो' जमाखर्चाला. पोदेस्ता मुद्दाम परगावचा, कारण स्थानिक माणूस निवाड्यात सोयरेधायरे बघतो. वसुलीचा हिशोब वर केंद्रात जायचा. तुमचे सेनानी शहरं दाबून बसले तेव्हा त्यांनीही हीच यंत्रणा वापरली. आणि १४१२ मध्ये जोव्हान्नी मारियाचा खून झाल्यावर फिलिप्पो मारियाने नऊ-दहा वर्षांत बर्गामो, क्रेमोना, पार्मा, ब्रेशा परत जोडलं, वर १४२१ मध्ये जेनोव्हा घेतलं. पायाच नव्हता तर इमारत इतक्या लवकर पुन्हा उभी कशी राहिली?

ओढाकाठ

कारकून यांना +१. शिवाय बांधकामं बघा. मिलानचं कॅथेड्रल १३८६ मध्ये सुरू झालं. त्याचा संगमरवर कान्दोलियाच्या खाणीतून तोचे नदीने माज्जोरे सरोवरात, तिथून तिचिनो नदीत, आणि पुढे नाव्हील्यो ग्रांदे कालव्याने मिलानपर्यंत यायचा. वाटेत जकात माफ, दगडावर 'ए यू एफ' अशी खूण, म्हणजे 'बांधकामाच्या वापरासाठी'. खाण ते गवंडी एवढी लांब साखळी एका हुकमावर चालते, ती भाडोत्री राज्यात चालत नाही.

तारीखनोंद

@ओढाकाठ, बांधकामाचं उदाहरण उलटंही फिरतं. १३९३ मध्ये याच माणसाने व्हालेज्जोला मिंचो नदीवर सुमारे ६५० मीटर लांबीचा बांध-पूल घातला. मांतोव्हाभोवतीची तळी हीच त्या शहराची तटबंदी. नदी वरच अडवून वळवली की तळी आटतील आणि शहर उघडं पडेल, असा बेत. तो बेत तडीस गेला नाही. अवाढव्य पैसा पाण्यात बसला आणि २८ ऑगस्ट १३९७ ला गोव्हेर्नोलोला त्याचीच फौज हरली. हुकूम चालत होता हे मान्य, पण तो एकाच डोक्यातून निघत होता आणि त्या डोक्याला थांबवणारं कुणी नव्हतं.

@कारकून, फिलिप्पो मारियाची इमारत कशावर उभी राहिली ते तुम्ही वगळलंत. १६ मे १४१२ ला थोरल्याचा खून झाला आणि त्याच दिवशी फाचीनो काने आजाराने गेला. फिलिप्पो मारियाने त्याच्या विधवेशी, वयाने कितीतरी मोठ्या बेआत्रिचेशी, तडकाफडकी लग्न केलं. तिच्याबरोबर सुमारे ४ लाख दुकाती आणि फाचीनोची कसलेली फौज आली. १४१८ मध्ये व्यभिचाराचा आरोप ठेवून बिनास्कोत तिचा शिरच्छेद केला. पुढची शहरं जिंकून दिली ती कार्मान्योलाने, तोही कोन्दोत्तावरचाच. १४२५ मध्ये बिनसलं आणि तो व्हेनिसला मिळाला, १२ ऑक्टोबर १४२७ ला माक्लोदियोला त्यानेच मिलानची फौज लोळवली. रेफेरेन्दारियोंच्या वह्यांनी राज्य परत आणलं असं म्हणवत नाही.

शाईदौत

दोघांचीही एक बाजू सुटतेय: वारसा. हे घराणं खरं बुडालं ते सनदांमधल्या आणि लग्नाच्या करारांमधल्या विसंगतीमुळे.

१३५४ मध्ये आर्चबिशप जोव्हान्नी गेल्यावर तीन पुतण्यांनी राज्य वाटून घेतलं, मिलान आणि जेनोव्हा सामाईक ठेवून. त्यांतला मातेओ (वर आलेला मातेओ नव्हे) वर्षभरात मेला, त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांनी, म्हणजे बेर्नाबो आणि जान गालेआझ्झोचा बाप गालेआझ्झो यांनी वाटला. म्हणजे राज्य हे घराची वाटणी होण्याजोगी मिळकत. ६ मे १३८५ ला जान गालेआझ्झोने व्हारेसेच्या डोंगरावरच्या मरियमच्या दर्शनाला निघाल्याचा बहाणा केला, भेटायला आलेल्या काका बेर्नाबोला पकडलं आणि ही वाटणी मोडली. बेर्नाबो त्याच डिसेंबरात त्रेत्सोच्या किल्ल्यात मेला. पण बेर्नाबोच्या मुली युरोपभर दिलेल्या होत्या. त्यांतल्या ताद्देआची मुलगी इसाबो त्याच जुलैत फ्रान्सची राणी झाली. आजोबाला कैदेत टाकणाऱ्याचा द्वेष करणारी बाई थेट पॅरिसच्या दरबारात! १३९६ मध्ये फ्रान्सने फ्लोरेन्सशी युती केली, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता सनद. १३९५ मध्ये जर्मन राजा वेन्झेलने १ लाख फ्लोरिन घेऊन मिलानची डची (ड्यूकचा किताब आणि मुलूख) दिली. पण १४०० मध्ये जर्मन राजपुत्रांनी त्याला पदच्युत केलं, आणि आरोपांत मिलान विकल्याचाही एक होता. दुसरीकडे मुलगी व्हालेंतीना फ्रान्सच्या राजाचा भाऊ, ऑर्लेआँचा लुई, याला देताना आस्ती शहर आंदण दिलं आणि पुरुषवंश खुंटला तर वारसा तिच्याकडे जाईल असं कलम घातलं. सनद पुरुषवंशाची, करार मुलीच्या बाजूचा. हा गुंता व्हालेंतीनाच्या नातवाने, फ्रान्सच्या बाराव्या लुईने, १४९९ मध्ये फौज घेऊन येऊन सोडवला. ताप १४०२ मध्ये आला असता किंवा नसता, हे कलम तिथेच होतं.

कारकून

शाईदौत, वारशाचा मुद्दा मान्य, ती खरी भेग होती. पण म्हणून सगळं पोकळ ठरत नाही. व्हेनिसने घेतलेल्या शहरांत काय केलं? जुने कायदे ठेवले आणि वर एक पोदेस्ता व एक कप्तान पाठवला. तोच साचा व्हेनिसच्या हातात साडेतीनशेहून जास्त वर्षं चालला.

तारीखनोंद

तुम्ही माझंच म्हणणं मांडताय! साचा एकच, मग व्हेनिसकडे तो का टिकला? तिथे डोज (निवडून आलेला प्रमुख) मेला तर दुसरा निवडला जातो, सेनानीचा पगार थांबत नाही. ब्रेशाचंच बघा. १३३७ पासून जवळजवळ सत्तर वर्षं ते व्हिस्कोंतींकडे होतं, १४२६ मध्ये व्हेनिसकडे गेलं. १४३८ मध्ये फिलिप्पो मारियाचा सेनानी पिच्चिनीनो याने वेढा घातला. लोक जुन्या धन्याला दार उघडायला मोकळे होते. ते उपाशी राहिले, पण दार उघडलं नाही. त्यांच्या मदतीसाठी व्हेनिसने १४३९ च्या सुरुवातीला गलबतं आदिजे नदीतून वर आणली आणि शेकडो बैल जुंपून डोंगरावरून गार्दा सरोवराकाठच्या तोर्बोलेला उतरवली. व्हिस्कोंतींसाठी असा तग धरलेलं एक शहर दाखवा.

कारकून

ब्रेशाचं उदाहरण भारी आहे, त्यावर माझ्याकडे तोडीचं नाही. पण पाव्हिया विसरू नका. १३ ऑगस्ट १४४७ ला फिलिप्पो मारिया निपुत्रिक (औरस मुलगा नसताना) गेला आणि मिलानकरांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. लोदी आणि पियाचेन्झा व्हेनिसकडे वळली. पाव्हियाने शेवटी वेगळी वाट धरली. फिलिप्पो मारियाची अनौरस मुलगी बियान्का मारिया हिच्या नवऱ्याला, फ्रांचेस्को स्फोर्झाला, बोलावून 'पाव्हियाचा काउंट' केलं. हा किताब व्हिस्कोंतींचाच. स्फोर्झाकडे सम्राटाची सनद नव्हती, मिलान अजून त्याचं नव्हतं, तरी एका शहराला वाटलं की या घरची गादी चालू राहावी. अडीच वर्षांनी, १४५० मध्ये, उपासमारीने जेरीला आलेल्या मिलाननेही त्यालाच आत घेतलं.