अंजनाला पिशवी मानवत नाही
झाडं लावताना बरेच जण सांगतात की बी टाकून काही उगवत नाही, नर्सरीत पिशवीत वाढवलेली रोपंच लावा. फेकलेल्या बीजगोळ्यांबद्दल (मातीत बी घालून केलेले गोळे) खरंय, बरंचसं बी मुंग्या-उंदीरच नेतात. पण सातपुड्याच्या पायथ्याला अंजनाचं झाड लावायचं असेल तर उलटं आहे. त्याचं सोटमूळ भराभर खोल जातं, पिशवीत ते वळसे घेतं आणि लावल्यावर झाड रुसतं. जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे आम्ही आधी रोपं लावली, बरीचशी पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. मग उन्हाळ्यात गोळा केलेलं बी पहिल्या पावसानंतर कुदळीने उकरून बोटभर मातीखाली टोकलं. टिकलं ते हेच.

मोहाचं बी मात्र साठवू नका, काही आठवड्यांतच मरतं. ते पुढच्या वर्षीच्या गोळ्यांसाठी ठेवणारे बरेच पाहिलेत!