स्पेअर लॅपटॉप बॅटरी कशी ठेवता? अनुभव लिहा

मंडळी, माझ्याकडे थिंकपॅड टी४८० आहे, २०१८ चं मॉडेल, मागची बॅटरी खट् करून निघते तो. मशीन अजून झकास चालतंय पण बॅटऱ्या पुढे मिळतील का नाही म्हणून एक ७२ वॉट-अवरची जास्तीची घेऊन ठेवलीये. आत्ता गरज नाही, पण लागेल तेव्हा तिच्यात दम पाहिजे. फुल चार्ज करून ठेवू का रिकामी? ज्यांनी खरंच ठेवल्यात त्यांनी लिहा, ऐकीव नको.

*

फुल करून अजिबात ठेवू नका. बॅटरीच्या आतला एकेक सेल ४.२ व्होल्टला, म्हणजे पूर्ण, भरलेला राहिला की नुसता पडून असला तरी आतला इलेक्ट्रोलाइट हळूहळू खराब होत जातो, गरमीत तर अजून जोरात. नेहमी दिले जाणारे आकडे असे आहेत, २५ अंशाला ४० टक्के चार्जवर वर्षभर ठेवली तर ९६ टक्के कपॅसिटी राहते, फुल ठेवली तर ८०, आणि ४० अंशाला फुल ठेवली तर ६५. मी माझी पन्नासच्या आसपास ठेवते आणि मला काही त्रास नाही.

*

आम्ही नागपूरकर, तेव्हा तो ४० अंशवाला आकडा आमच्यासाठीच आहे बघा. मे महिन्यात माळ्यावर हात लावून बघा, डबेसुद्धा चटके देतात, आणि लोक नको असलेली प्रत्येक वस्तू माळ्यावरच टाकतात. माझी बॅटरी आतल्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात असते, त्या भिंतीला ऊन लागत नाही. गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

*

माझं रिपेरिंगचं दुकान आहे. रिकामी ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्या जास्त येतात माझ्याकडे. बॅटरीच्या आत छोटा सर्किट बोर्ड असतो तो पडल्यापडल्या थोडा थोडा करंट पीत राहतो, आणि सेलचा व्होल्टेज फारच खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, मग परत चार्ज केली की आत शॉर्ट व्हायची भीती. असल्या बॅटरीला बाहेरून करंट देऊन "जागी" करणारे लोक आहेत, कृपा करून करू नका, आग लागते. दर तीन-चार महिन्यांनी लावून बघा, वीस-पंचवीसवर आली असेल तर परत पन्नास करा. आणि फुगलेली दिसली तर दाबू नका, भोक पाडू नका, सरळ ई-कचऱ्यात. विकत घेताना लेबलवरची तारीख बघाच, दुकानात वर्षानुवर्षं पडलेली बॅटरी "नवीन" म्हणून मिळते.

*

बॅटरी फ्रिजमध्येही ठेवता येते, आम्ही रत्नागिरीला ठेवतो, चालतं. पण आमच्याकडे हवेतच पाणी, त्यामुळे झिपच्या पिशवीत, वर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. फ्रीझरमध्ये नाही हं, खालच्या कप्प्यात. बाहेर काढली की डबा तसाच बंद रात्रभर ओट्यावर राहू द्यायचा, लगेच उघडलात तर दव धरतं आणि ते पिनांवर बसतं. एवढा व्याप नको असेल तर थंड कपाट पुरे आहे.

*

दादा, टी४८० ला पन्नास टक्के करणं सोपं आहे, लेनोवोच्या व्हँटेज अ‍ॅपमध्ये चार्जिंगची लिमिट लावता येते, लिनक्स असेल तर टीएलपी नावाच्या प्रोग्रॅममध्ये. पण नुसती सांभाळून ठेवू नका, पडून पडून ती म्हातारी होतेच. मी दोन्ही आलटून पालटून वापरते आणि मध्येमध्ये विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ता भरते ती) शेजारी शेजारी बघते.

*

विमानाने जाताना स्पेअर बॅटरी केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, तुमची ७२ म्हणजे बसते. पिनांवर चिकटपट्टी लावा.

*

सगळ्यांचे आभार. पन्नासला आणून खालच्या कप्प्यात ठेवतोय, लेबलवर आजची तारीख टाकली. रिपेरिंगवाले दादा, लेबलवर मॅन्युफॅक्चरिंग डेट कुठे छापलेली असते तेवढं सांगाल का, माझ्या बॅटरीवर नुसतेच लांबलचक नंबर दिसतायत.